तानपुऱ्याच्या घरात रॉक : पहिलं गाणं कोणतं लावू?

जवारी_मिरज

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमचं घर मिरजेतलं, पिढ्यान् पिढ्या तंतुवाद्यं करणारं. अब्बा आता बहात्तर वर्षांचे आहेत. भोपळा कापणं, दांडी बसवणं ही कामं आम्ही भाऊ करतो, पण तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज खुलवणं, अजून अब्बांच्याच हातची. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा कानस. एका तानपुऱ्याला कधी अख्खा दिवस जातो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात उरुसाला जे गाणं होतं, तिथली एकही रात्र त्यांनी चुकवल्याचं मला आठवत नाही.

मी गेली वीस वर्षं काम करताना कानात रॉक ऐकतो. घरात कुणी कधी विचारलं नाही. परवा अब्बांनी पॉलिश करता करता विचारलं, "इतकी वर्षं कानात घालून बसतोस ते काय आहे? रविवारी जेवण झाल्यावर मलापण ऐकव. एकच ऐकव, पण नीट ऐकव."

आता पंचाईत अशी की ते ऐकतील ते मनापासून ऐकतील, आणि मत देतील ते कायमचं देतील. मला एकच संधी आहे. माझ्या मनात तीन गाणी आहेत : लेड झेपलिनचं 'काश्मीर', पिंक फ्लॉइडचं 'कम्फर्टेबली नम्ब' आणि बीटल्सचं १९६६ चं 'टुमॉरो नेव्हर नोज', कारण त्यात शेवटपर्यंत तानपुरा वाजतो. भीती एकाच गोष्टीची आहे. गिटारचा तो फाटलेला आवाज सुरू झाला की अब्बा म्हणतील, स्पीकर गेलाय, बंद कर.

तुम्ही काय लावाल? आणि का, तेही सांगा.

अजिंक्यताऱ्याखाली

यात विचार करण्यासारखं काही नाहीच. क्वीन. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'.

आमच्या सातारा जिल्ह्याचा हक्क आहे त्यावर! फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारूख बलसारा, जन्म झांझिबारचा १९४६ चा, पण वयाच्या आठव्या वर्षापासून शिकला पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये. पहिला बँड, 'द हेक्टिक्स', त्यानं तिथंच चार शाळासोबत्यांबरोबर काढला, त्यात तो पियानो वाजवायचा. पसरणीचा घाट चढताना मी दर वेळी ते गाणं लावतो. ५ मिनिटं ५५ सेकंद, आणि एक ओळ ध्रुवपदासारखी फिरून येत नाही. अब्बांना म्हणावं, हा आपल्या पाचगणीचा पोरगा.

ठेका_सोळा

फ्रेडीबद्दल वाद नाही. पण पहिलं म्हणून ऱ्हॅप्सडी नको. सहा मिनिटांत चार वेळा गाण्याचा तोंडवळा बदलतो. ज्यांना एक राग तासभर ऐकायची सवय आहे, ते म्हणतील, बाबा, एक काहीतरी धर.

मी तबला वाजवतो, सांगलीत शिकवतो. माझं मत 'काश्मीर'ला. कारण सांगतो. त्यात बॉनहॅमचा ड्रम चारच्या वजनात चालतो आणि गिटारची ती चढत जाणारी ओळ तीनच्या. दोघं आपापल्या चालीनं निघतात आणि बारा मात्रांनी पुन्हा एका ठिकाणी येऊन पडतात. आमच्या वर्गात मी पोरांना हाताने टाळी देऊन हे दाखवतो : डाव्या हाताने चार धर, उजव्याने तीन, आणि समेची वाट बघ. सम आली की पोरांची मान आपोआप हलते. अब्बांचीही हलेल.

शिवाय जिमी पेजनं त्यात गिटार नेहमीसारखी लावलेली नाही. तारा लावल्यात डी ए डी जी ए डी, म्हणजे आपल्या भाषेत सा प सा म प सा. तंतुवाद्याच्या घरात हे सांगितलंत तर निम्मं काम झालं.

कृष्णाकाठची

वाचतेय. छान धागा.

विश्रामबाग

मला मुळात हा प्रश्नच पटलेला नाही, स्पष्ट लिहितो. रॉक चांगलं आहे हे ठरवायला त्यात सा-प आणि सम कशाला शोधायची? आपण नेहमी हेच करतो. एखादी गोष्ट आपल्या शास्त्रीयच्या मापात बसली की ती थोर. निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'मध्ये तुम्हाला कुठला राग सापडणार आहे? १९९१ साली तो अल्बम आला तेव्हा जगभरच्या पोरांना त्यात स्वतःचा संताप ऐकू आला. माझ्याकडे त्याची नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घेतलेली कॉपी होती, एका बाजूला निर्वाणा, दुसऱ्या बाजूला पर्ल जॅम. बारावीला मार्क कमी पडले त्या महिन्यात मी दुसरं काही ऐकलं नाही. घरात कुणाला ते गाणं कळलं नाही आणि कळायची गरजही नव्हती. रॉक हे बापाला पटवायचं संगीत नाहीच मुळी.

पवईनाका

@विश्रामबाग, अर्ध्याला अनुमोदन, अर्ध्याला नाही.

३० ऑक्टोबर २०११. बंगळूर, पॅलेस ग्राउंड्स, मेटॅलिका. दोन दिवस आधी गुरगावचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला होता, त्यामुळे हा तरी होतो की नाही म्हणून पोटात गोळा. साताऱ्याहून मिरजेला आलो, तिथून राणी चन्नम्मा पकडली, चौघांत दोन बर्थ. रात्रभर जागेच. आणि संध्याकाळी त्या मैदानात 'नथिंग एल्स मॅटर्स' सुरू झालं तेव्हा माझ्या शेजारी एक गृहस्थ उभे होते, पन्नाशी नक्कीच ओलांडलेली, सोबत कॉलेजातला मुलगा. दोघंही शब्द न् शब्द गात होते. मुलाचा हात वडिलांच्या खांद्यावर. त्यामुळे बापाला पटत नाही हे काही खरं नाही.

जवारी, तुमच्यासाठी हेच गाणं सुचवतो. सुरुवात नुसत्या मोकळ्या तारांनी होते, डावा हात गिटारला लागतच नाही. हेटफिल्डनं ते एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं तारा छेडताना बांधलं. तानपुरा तरी वेगळं काय, मोकळ्या तारा छेडायच्या.

जवारी_मिरज

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

@विश्रामबाग, तुमचा मुद्दा मनाला लागला, खोटं बोलत नाही. पण मला अब्बांची मंजुरी नकोय. वीस वर्षं एका खोलीत समोरासमोर बसून आम्ही दोघं वेगळं ऐकतोय. एकदा तरी एकच ऐकावं, एवढंच.

@ठेका_सोळा, सा प सा म प सा हे मला माहीतच नव्हतं! काल रात्री बिघडलेल्या एका गिटारीवर लावून बघितलं. खरंच गुंजतं हो.

कृष्णाकाठची

मग मीही लिहिते. आमचं घर भावगीतं आणि नाट्यसंगीताचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं 'सीता स्वयंवर' केलं त्या सांगलीत वाढल्यावर दुसरं काय होणार. इंग्रजी गाण्याला आई 'तो दंगा' म्हणायची.

आईला पहिल्यांदा मी जे ऐकवलं ते कॉर्नरशॉपचं 'ब्रिमफुल ऑफ आशा'. इंग्लंडमधला बँड, १९९७ चं गाणं, मोजून तीन कॉर्ड. १९९८ च्या फेब्रुवारीत त्याचा रिमिक्स ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. आणि ते आहे कुणावर, तर आशाताईंवर, ज्यांचा जन्म आपल्या सांगलीतला, १९३३ चा. आईला आधी काही कळेना. मग 'आशा' हे नाव त्या इंग्रजी गाण्यात ऐकू आलं आणि तिनं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "परत म्हण म्हणावं त्याला," म्हणाली. पुढं ती ते गाणं स्वतःहून लावायला सांगायची. भाजी निवडताना पाय हलायचा.

तेव्हा माझा सल्ला असा की त्यांच्या ओळखीचं एक माणूस गाण्यात असू द्या. मग वाट सापडते.

मेणवली

आमच्या वेळी एल.पी. होत्या, तेव्हा थोडं जुनं सांगते. सतार रॉकमध्ये आली ती १९६५ च्या 'नॉर्वेजियन वुड'पासून, जॉर्ज हॅरिसननं वाजवलेली. पुढच्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या 'पेंट इट ब्लॅक'मध्ये ब्रायन जोन्सची सतार. पण सतार करणाऱ्या माणसाला ही गाणी ऐकवू नका. दोघंही तेव्हा अगदी नवशिके होते, आणि ते ऐकू येतं. हॅरिसननं नंतर रविशंकरांकडे रीतसर तालीम घेतली ती वेगळी गोष्ट.

'टुमॉरो नेव्हर नोज'मधला तानपुराही असाच. आहे खरा, पण टेपवरचे इतके आवाज त्यावर चढवलेत की जवारीवाल्याला वाईटच वाटेल.

पवईनाका

मावशी, पटलं. तो पर्याय बाद.

दंडोबा

कुणीच इंडियन ओशनचं नाव घेत नाही म्हणजे कमाल आहे. 'कंदिसा' अल्बम, २०००, त्यातलं 'माँ रेवा'. नर्मदेचं लोकगीत, गाण्यात तबला, आणि सुष्मित सेनची गिटार अशी की सरोद वाटावं. शब्दही कळतील. उगाच इंग्लंड-अमेरिकेला कशाला जाताय?

अवांतर : कलकत्त्यात १९७५ साली 'मोहीनेर घोडागुली' बंगालीत रॉक गात होते. पन्नास वर्षं झाली. मराठीत असं का मुरलं नाही?

ठेका_सोळा

दंडोबा, त्या अवांतरासाठी वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. थोडक्यात माझं मत : आपल्याकडे पोरांची ती सगळी ऊर्जा ढोल-ताशा आणि बेंजोवाल्यांनी शोषून घेतली. गणपतीत दहा दिवस विजेची बेंजो ऐका, ती आमची इलेक्ट्रिक गिटारच आहे.

विश्रामबाग

हे मात्र शंभर टक्के. लहानपणी सांगलीच्या मिरवणुकीत बेंजो ऐकून छातीत जे व्हायचं, तेच पुढं कॅसेटवर झालं.

आठ_ओहम

उशिरा आलो. माझं सांगलीत स्पीकर-अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. इथं सगळे गाण्याबद्दल बोलताय, पण धागाकर्त्याची खरी भीती आवाजाची आहे : तो 'फाटलेला' आवाज. त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

अॅम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त सिग्नल दिला की लहरीचा वरचा माथा आणि खालचा तळ छाटला जातो. शिखराचं पठार होतं, अजिंक्यताऱ्यासारखं. ते छाटलं गेलं की मूळ सुराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट कंपनांचे वरचे सूर बाहेर पडतात. एक तार छेडली, पण ऐकू येतो सुरांचा थवा. ह्यालाच डिस्टॉर्शन म्हणतात.

आता जवारी, तुम्ही मला सांगा, तुमच्या घोडीवर काय होतं? घोडीचा माथा किंचित गोल घासलेला असतो, तार हलताना त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते, आणि मूळ सुरातून वरचे सूर फुटतात. खाली दोरा सरकवून तुम्ही ती जागा नेमकी पकडता. मार्ग वेगळा, पण गोष्ट तीच : साध्या तारेचा आवाज मुद्दाम बिघडवायचा, म्हणजे त्यातले लपलेले सूर वर येतात.

अजून एक. डिस्टॉर्शनमध्ये तीन सुरांची कॉर्ड वाजवली की चिखल होतो, सगळं एकमेकांत घुसतं. म्हणून हार्ड रॉकवाले मधला गंधार काढून टाकतात आणि फक्त सा आणि प वाजवतात. त्यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. तानपुऱ्यात काय असतं? सा आणि प.

१९६४ मध्ये किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसनं 'यू रिअली गॉट मी'साठी काय केलं माहिती आहे? छोट्या अॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागदी कोन दाढीच्या ब्लेडनं चिरला. तसा आवाज त्याला मिळत नव्हता, म्हणून स्वतःच्या हातानं कापून काढला. अब्बांना गाणं कुठलंही ऐकवा, पण ही गोष्ट आधी सांगा.

मेणवली

हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. सा-प चं कधी लक्षातच आलं नव्हतं. साठ वर्षं ऐकतेय.

पवईनाका

आठ ओहम, लई भारी राव. मेटलवाल्यांना आता कुणी दंगा म्हणालं की हा धागा दाखवणार.

विश्रामबाग

छान लिहिलंय, पण एक भर घालतो. जवारी खुलली की आवाज शांत होतो, मनाला टेकायला जागा मिळते. डिस्टॉर्शन अंगावर येतं. कोनावर ब्लेड मारणाऱ्या पोराला गुंजन नको होतं, ओरडायचं होतं. दोन्हींतून सूर सारखेच निघत असतील, हेतू सारखा नाही. हेही अब्बांना सांगा.

आठ_ओहम

मान्य. हेतूचं मशीन माझ्या दुकानात नाही, तिथं तुमचं खरं.

जवारी_मिरज

तुम्ही लोकांनी झोप उडवलीत. शनिवारची रात्र आहे आणि अजून ठरलं नाही. 'काश्मीर' आणि 'माँ रेवा' यांच्यात अडकलोय.

दुर्गापठार

फक्त वाचनमात्र असते, पण राहवलं नाही. पिंक फ्लॉइडचं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' लावा. १९७५ चं. सुरुवातीला गाणं नाहीच. नुसता एक लांब, भरलेला सूर, घाई नाही, आलापीसारखा. सुमारे चार मिनिटांनी त्यांचा गिटारवाला गिल्मर चार स्वर वाजवतो, थांबतो, पुन्हा तेच चार. बस्स.

ते गाणं सिड बॅरेटसाठी आहे. बँड ज्यानं उभा केला तो मित्र, मनानं हरवत गेलेला. जून १९७५ मध्ये ह्याच अल्बमचं काम चालू असताना तो अचानक स्टुडिओत येऊन बसला. डोकं, भुवया सगळं भादरलेलं, अंगानं सुटलेला. बराच वेळ त्याच्या जिवलग मित्रांनीही त्याला ओळखलं नाही. माझ्या भावाच्या आजारपणात मी रात्री हे ऐकायचे. समोर बसलेलं माणूस आपलंच असतं आणि ओळखू येत नाही, ते काय असतं ते त्या चार स्वरांत आहे. शब्द समजायची गरज पडली नाही.

कृष्णाकाठची

ताई, 🙏🏽. भाऊ आता कसे आहेत?

दुर्गापठार

बरा आहे आता. औषधं चालू आहेत, शेतात जातो. विचारलंत, बरं वाटलं.

जवारी_मिरज

ठरलं. ताई, तुमचं लावतो.

ठेका_सोळा

आज रविवार. चार वाजले. मिरजकर, कुठं आहात?

पवईनाका

आम्ही पण थांबलोय.

जवारी_मिरज

आलो. दुपारचं सगळं आवरूनच लिहायला बसलो, म्हणून उशीर.

हेडफोन नको म्हणाले, दुकानातच लावलं. कारखान्याचं शटर अर्धं ओढलं, मोबाइल जुन्या डेकला जोडला. अब्बा भिंतीला टेकून बसले, डोळे मिटले. पहिला मिनिटभर काहीच बोलले नाहीत. मग डोळे न उघडता म्हणाले, "षड्ज कोण भरतंय?" मी म्हटलं, सिंथेसायझर आहे. "चांगला भरलाय. घाई नाही."

चार मिनिटांनी ते चार स्वर आले. अब्बांनी डोळे उघडले. दुसऱ्यांदा आले. हात वर करून थांबवायला लावलं. म्हणाले, "परत."

कोपऱ्यात एक बायकी तानपुरा उभा होता, गिऱ्हाइकाचा, काळी चारच्या पट्टीला लावलेला. तो मांडीवर घेतला, खुंट्या सैल करत गाण्याच्या पट्टीला, पांढरी पाचला आणला. मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं आणि त्यांनी खाली तानपुरा छेडत ठेवला. ते चार स्वर आले की प्रत्येक वेळी ते पुटपुटायचे : "कोमल ग... कोमल नी... सा... आणि हा बघ, हा शुद्ध ध. काफीतला. इथं येऊन बसतो आणि जागा सोडत नाही." मी वीस वर्षं ऐकलेलं गाणं आहे हो. त्या शेवटच्या स्वराला नाव असतं हे मला आज कळलं.

सगळंच आवडलं असं नाही. गायन सुरू झालं तेव्हा म्हणाले, "ह्याला गळा नाही, वाजवणाऱ्यालाच राहू द्यायचं." पुढे सॅक्सोफोन आला तेव्हा उठून पाणी प्यायले. @विश्रामबाग, तुमचा मुद्दा सांगितला त्यांना. म्हणाले, बरोबर बोलतोय तो मुलगा, जवारी बंद करायची का खुली ठेवायची हेपण गाणाऱ्याच्या स्वभावावर ठरतं.

सिडची गोष्ट मी मुद्दाम शेवटी सांगितली. बराच वेळ गप्प होते. मग त्यांच्या एका जोडीदाराचं नाव घेतलं, वाद्यं करायचे, पुढं हात थरथरायला लागल्यावर गल्लीत येणंच बंद केलं त्यांनी. मी त्यांना बघितलेलं नाही. अब्बांनी आजवर कधी त्यांचा विषय काढला नव्हता.

दुर्गापठार

अब्बांना माझा नमस्कार सांगा.

अजिंक्यताऱ्याखाली

वाचून गलबलून आलं. पण पुढच्या रविवारी क्वीन हं!

जवारी_मिरज

सांगतो ताई. आणि क्वीनचं बघू, पाचगणीचा म्हटल्यावर "घाटावरचा पोरगा का?" म्हणून विचारलंय त्यांनी.

@आठ_ओहम, एक राहिलंच. ब्लेडची गोष्ट सांगितली तेव्हापासून त्यांचं एकच चाललंय. संध्याकाळी नमाजहून आले तेच विचारत : ब्लेड कोनाच्या आतल्या बाजूनं मारलं का बाहेरच्या? चीर मधून काठाकडे का गोल? किती मारल्या?

आठ_ओहम

हे मी आजवर कुणाला विचारताना ऐकलं नाही! दुकानात एक जुना आठ इंची स्पीकर पडलाय, कोन शाबूत आहे, तसाही भंगारातच जाणार. अब्बांना घेऊन या, दोन्हीकडून चिरून बघू. गिटार आहे ती तुमची, सा प सा म वाली?

जवारी_मिरज

आहे. गुरुवारी येतो, बुधवारी एक तानपुरा द्यायचा आहे. अब्बा म्हणतात ब्लेडनं चीर फार जाड पडेल, ते त्यांची बारीक कानस घेऊन येणार आहेत.